नागपुरात झिंग्याचा धंदा: आधी तूट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उमरेडकडे तीन एकर शेती, त्यात तीस बाय तीस मीटरचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, हाताशी बारा लाख रुपये आणि नोकरी मिहानमध्ये. कुठल्याशा अहवालात ‘शेलफिशचा बाजार दरवर्षी अमुक टक्क्यांनी वाढणार’ असं वाचलंत. तर झिंगे, खेकडे, शिंपल्या यांचा धंदा नागपुरात चालेल का, आणि चालत असेल तर तळ्यात झिंगा सोडायचा की बाहेरून माल आणून विकायचा?

मी ढिवराच्या घरातली, माहेर पवनीचं. नागपुरात मच्छीच्या धंद्यात बावीस वर्षं झाली. पहिली चार वर्षं ओट्यावर बसून दुसऱ्यांचे झिंगे सोलून द्यायची, किलोमागे मजुरीवर. आज माझा माल अकरा हॉटेलांत जातो, घरगुती गिऱ्हाइकांची पाकिटं वेगळी. हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं माझ्या ओट्यावरून दिसलेलं आहे. विशाखापट्टणच्या निर्यातदाराला विचाराल तर तो वेगळं सांगेल, आणि त्याचंही खरं असेल.

बाजार वाढतो की नाही, हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. वाढतोय. प्रश्न हा आहे की वाढलेला पैसा तळ्यापासून ताटापर्यंतच्या वाटेत कुणाच्या हाती उरतो, आणि त्या जागी तुम्ही उभे राहू शकता का.

आधी त्या अहवालाचं. ‘शेलफिश’ हे पोतं फार मोठं आहे भाऊ. त्यात फ्रान्सची कालवं आहेत, चीनमधल्या शिंपल्या आहेत, कॅनडाची शेवंड (लॉबस्टर) आहे आणि आंध्रातला झिंगाही आहे. या सगळ्यांची वाढ एकत्र कुटून काढलेला टक्का नागपूरच्या माणसाच्या काही कामाचा नाही. माझ्या विक्रीत दहा किलोंपैकी नऊ किलो झिंगे असतात. राहिलेल्या किलोत बहुतेक खेकडे. शिंपल्या वर्षातून दोनदा कुणीतरी मागतं, तेही कोकणातून बदली होऊन आलेलं कुटुंब.

आपल्या देशाचे आकडे समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एम्पेडा, दरवर्षी काढतं. २०२२-२३ मध्ये मासळी आणि झिंगे धरून १७ लाख ३५ हजार टन माल बाहेर गेला आणि ६३,९६९ कोटी रुपये आले. पुढच्या वर्षी माल वाढून १७ लाख ८१ हजार टन झाला, पण पैसे उतरले ६०,५२३ कोटींवर. २०२४-२५ मध्ये माल १६ लाख ९८ हजार टन आणि पैसे ६२,४०८ कोटी. त्यातले ४३,३३४ कोटी एकट्या गोठवलेल्या झिंग्याचे. आता ‘वाढ’ हा शब्द परत वाचा. जास्त टन विकून कमी रुपये येतात, तेव्हा जगात कुणीतरी आपल्यापेक्षा स्वस्तात झिंगा ओततंय असा अर्थ असतो. तो देश इक्वेडोर. त्यांचं पीक इतक्या झपाट्याने वाढलं की सगळीकडचे भाव बसले.

त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क नेलं. झिंग्यावर आधीपासून असलेली अँटी-डम्पिंगसारखी, म्हणजे फार स्वस्तात माल ओतण्याविरुद्धची, शुल्कं त्यावर वेगळी. अमेरिका म्हणजे आपल्या झिंग्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या महिन्यात मला आंध्रातून जे फोन आले ते आधी कधी आले नव्हते. ज्या एजंटकडे पूर्वी मी ‘जरा मोठा माल मिळेल का’ म्हणून हात जोडायची, तो स्वतःहून विचारत होता, “मॅडम, तीस-चाळीस काउंट घेता का? पेट्या वाढवू का?” (काउंट म्हणजे एका किलोत किती नग. आकडा लहान तेवढा झिंगा मोठा.) तुम्ही वाचलेल्या अहवालातली वाढ आणि नागपूरच्या पार्सल ऑफिसात उतरणारी स्वस्ताई या दोन उलट्या गोष्टी आहेत, पण त्या एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. बाहेर माल अडला की आत स्वस्त होतो. बाहेरचा भाव सुटला की आतला चांगला माल रातोरात गायब.

झिंगा नागपुरात इतका दिसायला लागला कसा, हेही माहीत असलेलं बरं. आमच्या लहानपणी झिंगा म्हणजे मामा तलावातला, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या तलावातला, बोटाच्या पेराएवढा, कांद्यात परतायचा. नाहीतर आठवडी बाजारातली सुकट. समुद्राचा मोठा झिंगा बड्या हॉटेलांत. देशात टायगर झिंग्याची शेती होती, पण नव्वदीच्या मध्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तिला झोपवलं. मग २००९ मध्ये सरकारने वनामी या परदेशी जातीला परवानगी दिली. मूळचा मेक्सिको ते पेरूच्या किनाऱ्याचा हा झिंगा गर्दीत वाढतो, लवकर तयार होतो. आंध्राने तो असा उचलला की आज भीमावरम, नेल्लोर भागात भातखाचरं कमी आणि तळी जास्त दिसतात. विजयवाडा ते नागपूर रेल्वेने साधारण साडेसहाशे किलोमीटर, एका रात्रीचा प्रवास. समुद्र आपल्यापासून लांब असेल, पण झिंगा पिकतो ती जागा तेवढी लांब नाही. नागपूरच्या झिंगा बाजाराचं मूळ या एका रात्रीत आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबईकडचा मालही सकाळी लवकर पोचतो. तरी रोजच्या झिंग्यात भावाला आंध्राच पुरून उरतो.

आता गिऱ्हाईक. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण तुमचे बारा लाख इथे ठरणार आहेत.

धंतोली-काँग्रेसनगरकडची जुनी बंगाली घरं गलदा मागतात, गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, डोक्यासकट, आणि डोक्यातला पिवळा रस नसेल तर परत करतात. तेलुगू आणि मल्याळी घरं मधला माल घेतात, दर आठवड्याला, भाव पक्का ठाऊक असतो त्यांना. सावजी भोजनालयांना लहान झिंगा लागतो, ऐंशी-शंभर काउंट. रश्श्याच्या मसाल्यात मोठा झिंगा वाया जातो असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. चायनीजच्या गाड्या आणि मधली हॉटेलं सोललेला गोठवलेला माल घेतात. हे सगळे जुने गिऱ्हाईक. यांच्यात वाढ आहे, पण हळूहळू.

खरी वाढ मी पाहिली ती वेगळ्याच घरांत. मनीषनगर, बेसा, वर्धा रोडच्या नव्या सोसायट्या. नवरा-बायको दोघं नोकरीला, घरात मच्छी करायची सवय नाही, सोलायची तर अजिबात नाही. २०२० च्या टाळेबंदीत या लोकांनी पहिल्यांदा घरपोच मच्छी मागवली आणि नंतर ती सवय सुटली नाही. अशी एक ताई मला पहिल्यांदा म्हणाली होती, “काकू, डोळे असलेलं काही पाठवू नका.” तिला पाव किलोचं पाकीट लागतं, साफ केलेलं, पाठीतला काळा धागा काढलेला, उघडून थेट कढईत टाकता येईल असं. तिने सव्वा किलो डोक्याचा झिंगा जन्मात घेतला नसता. पाव किलो साफ मात्र ती महिन्यातून तीनदा घेते. नागपुरात वाढतोय तो हा बाजार, झिंग्यापेक्षा सोलणावळीचा जास्त.

पण या बाजाराला एक वार आणि एक पंचांग आहे. माझी निम्म्याहून जास्त विक्री शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि श्रावण अख्खा. मग पोळा येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, एका दिवसात जी विक्री होते ती श्रावणाच्या आठवड्यांत मिळून होत नाही. एकीकडे मारबतीची मिरवणूक निघालेली असते आणि दुसरीकडे माझ्या ओट्यासमोर रांग. जो नवा माणूस महिन्याची विक्री तीसने भागून रोजचा माल मागवतो, तो पहिल्या तीन महिन्यांत बुडतो. अशी दोन दुकानं माझ्या डोळ्यांसमोर उघडली आणि मिटली.

दुसरं गणित मोसमाचं. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. समुद्रातले खेकडे, शेवंड तेव्हा महागतात किंवा मिळतच नाहीत. तळ्यातल्या वनामीला ही बंदी लागू नाही. उलट आंध्रातलं उन्हाळी पीक साधारण एप्रिल ते जूनमध्ये निघतं आणि भाव खाली येतो. म्हणजे माल सगळ्यात स्वस्त असतो तेव्हाच नागपुरात पारा पंचेचाळीसला. स्वस्त माल आणि बर्फाचा खर्च हातात हात घालून येतात. मे महिन्यात मी किलोला किलो बर्फ धरते, थंडीत अर्ध्यावर भागतं.

आता ज्यासाठी शीर्षक दिलं ती तूट, म्हणजे घेतलेल्या मालातलं विकेपर्यंत घटणारं वजन.

पहाटे साडेचारला पार्सल उतरतं. थर्माकोलची पेटी उचलून हलवली की निम्मं कळतं: आत पाणी खळखळलं तर बर्फ रात्रीच संपलाय. झाकण काढलं की आधी वास. समुद्राचा चालतो, नाकाला झोंबणारा नाही. मग एक झिंगा उचलून डोकं आणि धड जुळतं तिथे अंगठा ठेवायचा. डोकं घट्ट बसलेलं असेल तर माल कालचा. लोंबत असेल, सांध्यातून पिवळसर पाणी येत असेल, तर एजंट काहीही सांगो, परवाचा. डोक्याजवळ आणि शेपटीच्या पंख्यावर काळे डाग दिसायला लागले असतील तर तो माल त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवायचा. पेटीत वरचा थर नेहमी चांगला असतो, म्हणून हात कोपरापर्यंत खाली घालायचा. बावीस वर्षांत हात बर्फात घालून माझी बोटं हिवाळ्यात ठणकतात, पण हे काम मी पोरांवर सोपवत नाही.

मग काउंट मोजायचा. चाळीस काउंट म्हणजे पंचवीस ग्रॅमचा एक. भाव काउंटवर चालतो, म्हणून शंभर नगांचा माल ऐंशी काउंट म्हणून लावला जातोय का हे मोजून घ्यायचं. मोजायला लाजू नका.

आता हिशेब. भाव रोज बदलतो, तेव्हा हे आकडे नुसते उदाहरणापुरते. समजा डोक्याचा वनामी नागपूर स्टेशनवर पोचून तुम्हाला ३५० रुपये किलो पडला. वीस किलो घेतला, ७,००० रुपये. डोकं काढलं की किलोचे साधारण ६५० ग्रॅम राहतात. साल आणि धागा काढला की ५५० च्या आसपास. वीस किलोत दीड किलो फुटका-मऊ निघाला म्हणून फेकला, उरला साडेअठरा किलो. त्याचा साफ माल सव्वादहा किलोच्या जरासा आत. बर्फ, सोलणावळ, पाकीट, पेट्रोल मिळून हजार रुपये. म्हणजे साफ माल तुम्हाला जवळपास ७८५ रुपये किलोने पडला. तो ८५० ने विकला तर सगळा विकून हाती साडेसहाशे रुपये. आणि रविवारी तीन किलो उरला, तो सोमवारी हॉटेलला ६०० ने काढावा लागला, तर साडेसातशे गेले. म्हणजे पहाटे चारला उठून शंभर रुपये पदरचे घातले.

नफा विक्रीच्या भावात दिसतो पण ठरतो त्या दीड किलोत आणि त्या तीन किलोंत. दीड किलोचा अर्धा किलो केला आणि उरणारे तीन किलो आधीच ऑर्डर घेऊन शून्यावर आणले, तर हाच धंदा व्यवस्थित चालतो. माझा तसाच चालतो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर ऑर्डर, त्यावर पंधरा टक्के जास्त माल, बस.

गोठवलेला माल घेतला तर तूट लपलेली असते. गोठवलेल्या झिंग्यावर बर्फाचा पातळ थर देतात. तो लागतोच, नाहीतर झिंगा सुकून पांढरा पडतो. पण तो थर किती, यात खेळ आहे. नवीन कंपनीचा माल आला की मी एक किलोचं पाकीट फोडते, चाळणीत ओतते, थंड पाण्याच्या धारेखाली धरते. बोटांना खरखरीत बर्फ लागायचा थांबला की धार बंद, दोन मिनिटं निथळू देते आणि काट्यावर ठेवते. गेल्या वर्षी एका पाकिटात ७८० ग्रॅम निघाले. ५२० रुपये किलोचा म्हणून दिलेला तो माल खरा पावणेसातशेच्या घरातला होता. विक्रेत्याला फोटो पाठवला तर म्हणाला, “सगळे असंच घेतात.” सगळे घेत असतील. मी परत केला. आणि शिजवल्यावर झिंगा रबरासारखा चकचकीत, पाणचट लागला तर त्याला वजन वाढवायला फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेलं असतं, हेही लक्षात ठेवा. घरगुती गिऱ्हाईक तक्रार करत नाही, नुसतं पुढच्या वेळी फोन करत नाही.

माझं एक मोठं नुकसान सांगते, म्हणजे शीतगृहात माल ठेवला की निवांत झोपता येतं असं वाटायला नको. २०१७ च्या मे महिन्यात मी २८० किलो गोठवलेला झिंगा शहराबाहेरच्या एका शीतगृहात भाड्याने ठेवला होता. रात्री कधीतरी वीज गेली, जनरेटर लागला नाही, सकाळी परत सुरू झालं. मला कुणी कळवलं नाही. चार दिवसांनी माल काढला तर पाकिटं गोठलेलीच होती, पण आतले सुटे झिंगे एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ. एकदा वितळून परत गोठल्याची ती खूण. तोंडी वाद झाला, कागदावर काहीच नव्हतं, सगळा माल फेकला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलेलं असतं. नाणं वर असेल तर ठीक. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर मी नसताना फ्रीझर बंद पडला होता, मग पोरगं काहीही सांगो.

आता तुमच्या तळ्याकडे येते. इथे तुमची निराशा होईल, पण हिशेब करूनच सांगते.

गोड्या पाण्यात वाढतो तो मोठा निळ्या नांग्यांचा झिंगा, ज्याला स्कॅम्पी म्हणतात आणि बंगाली गलदा. तुमचं तळं नऊशे चौरस मीटर. चौरस मीटरला तीन धरले तर २,७०० पिल्लं. निम्मी जगली, म्हणजे १,३५०. सरासरी चाळीस ग्रॅमचा झिंगा निघाला तर ५४ किलो. चोपन्न किलो! माझा एका बऱ्या रविवारचा माल. त्यासाठी साडेचार-पाच महिने खाद्य, रात्री हवा देणारं यंत्र, राखण, बगळे, आणि मिहानमधली नोकरी सांभाळून उमरेडच्या फेऱ्या.

तेही सगळं सुरळीत झालं तर. या झिंग्याची पिल्लं जन्मतात मचूळ पाण्यात, म्हणून बीज किनाऱ्याजवळच्या हॅचरीतून आणावं लागतं. प्रवासात किती मरतात हे पिशवी उघडेपर्यंत कळत नाही. कात टाकताना झिंगा मऊ असतो आणि दुसरे त्याला खातात. मातीच्या तळ्यात तो लपतो, गुळगुळीत प्लास्टिकवर कुठे लपणार? फांद्या, पाइपचे तुकडे, जुनी जाळी टाकावी लागते. सगळे सारखे वाढत नाहीत. चार दांडगे नर होतात आणि बाकीचे त्यांच्या धाकाने खुरटतात. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की वाढ जवळजवळ थांबते, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्याही खाली उतरतं. म्हणजे जुलैत सोडून थंडीआधी काढायचं, जेमतेम साडेचार-पाच महिने. एवढ्यात सगळे चाळीस ग्रॅमचे होतील असं मी छातीठोक सांगणार नाही. शिवाय या झिंग्याचं डोकं मोठं. साफ केल्यावर किलोचे चारशे ग्रॅम राहतात, म्हणजे त्याच ३५० रुपयांत साफ माल ८७५ ला पडतो. तो डोक्यासकट, बंगाली घरांनाच विकायचा.

आंध्रात २००५ च्या सुमारास स्कॅम्पीची मोठी लाट होती. बीज खराब होत गेलं, रोग आला, मग वनामी आला आणि लोकांनी तळी बदलली. आंध्रातल्या हाडाच्या शेतकऱ्यांनी जे सोडलं ते उमरेडला पहिल्याच वर्षी जमेल, हे मला पटत नाही. वनामीच सोडू का, असं कुणीतरी सुचवेल. त्याला क्षार लागतात, त्यातही पोटॅशियम-मॅग्नेशियमचा मेळ लागतो, आणि परवानगीही लागते. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्याबाबत ही चर्चा अधूनमधून निघते, तिथे निदान पाणी खारं आहे. उमरेडला तेही नाही.

हौस असेलच तर कटला-रोहूबरोबर पाच-सातशे झिंगे सोडून एक वर्ष शिका. तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पाणी तपासून घ्या, तिथल्या मास्तरांशी बोला. आणि भंडारा-गोंदियाकडच्या ढिवर संस्थांकडून मामा तलावातला लहान देशी झिंगा विकत घेऊन विका, तो चवीला वनामीला हरवतो. हे माहेरची म्हणून बोलत नाही. थोडंसं बोलतेही.

खेकड्याचं थोडक्यात. ओडिशा-आंध्रातून येणारा मोठा चिखलातला खेकडा नांग्या बांधून, ओल्या गोणपाटात जिवंत येतो आणि गारव्यात काही दिवस तग धरतो. मेला की किंमत शून्य. विकत घेताना पोटाकडून, मागच्या पायाच्या बुडाशी अंगठ्याने दाबा. कवच आत दबलं तर नुकती कात टाकलेला, आतून पोकळ. वजन भरतं, मांस निघत नाही. मी खेकडा फक्त आगाऊ पैसे घेऊन आणते. शिंपल्या-कालवांच्या नादी लागू नका: त्या पाणी गाळून जगतात, पाण्यातली घाण अंगात साठवतात, जिवंत विकाव्या लागतात, आणि रत्नागिरी आपल्याला फार लांब आहे.

शेवटी बारा लाख. हे तुमच्यावर अवलंबून आहे, म्हणून मी ठाम आकडा देत नाही. रविवारी सकाळी काट्याशी घरचं माणूस उभं राहणार आहे का? राहत्या भागात वीज किती जाते? हॉटेलांना उधारी द्यायची तयारी किती? माझे एका हॉटेलने सात महिने थकवले होते, मग मी सोमवारी फोन करणं बंद करून माल नेऊन ठेवणंच बंद केलं, तेव्हा आले. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद आहे. चौकशी जरूर करा, पण ते पैसे आले नाहीत तरी चालेल अशाच बेताने खर्च करा.

माझ्या मते पहिल्या सहा महिन्यांत दोन लाखांच्या वर जाऊ नका. दोन डीप फ्रीझर, इन्व्हर्टर, चांगला काटा, स्टीलचं टेबल, अन्न परवाना, आणि सोलायला हात बसलेली एक बाई. तिला मजुरी किलोवर द्या, पण साफ मालाच्या किलोवर, म्हणजे ती मांस सालीबरोबर फेकणार नाही. आपल्या सोसायटीपासून सुरू करा, वीस घरं, शुक्रवारी ऑर्डर, रविवारी सकाळी आठच्या आत पाकीट दारात. रोज किती किलो घेतला, किती साफ निघाला, किती फेकला, किती उरला, या चार रकान्यांची वही ठेवा. सहा महिन्यांनी ती वही घेऊन मला परत विचारा. तेव्हा दुकान काढायचं की नाही हे मी तुम्हाला पाच मिनिटांत सांगेन. आणि सुरुवात श्रावणात करू नका. पोळ्याच्या करीला पन्नास किलो विकून डोक्यात हवा जाते, म्हणून तेव्हाही नको. दिवाळी झाली की, थंडी पडायला लागली की, बर्फ कमी लागतो आणि चूक स्वस्तात पडते.